रॉकेलचा राब

गोठा मोडला त्या वर्षाची ही गोष्ट. शेवटची म्हैस विकली गेली, बाबांनी गोठ्याचे वासे उतरवून पडवीत रचले आणि घरामागे जी उघडी जागा राहिली तिच्याकडे आई एक दिवस कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभी राहिली. मग वाकून तिनं मूठभर माती उचलली, नाकाला लावली आणि मला हाक मारली, "दिन्या, हिकडं ये रं. हुंगून बघ." मी हुंगून पाहिलं. शेण, मूत, कुजलेला पेंढा, सगळं एकमेकांत मुरलेलं. "सोनं हाय सोनं," आई बोलली. "वीस वर्षं म्हशी बसल्यात हितं. हितं दगड पुरला तरी त्याला पालवी फुटंल."

आईला भाजीचा मळा करायचा होता. आमच्याकडं भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकायचे, ते निघाले की शेतं पावसाळ्यापर्यंत मोकळी पडायची. हिरवी भाजी म्हणजे बाबा पाळी संपवून येताना खोपोलीच्या बाजारातून पिशवीत आणतील ती. बाबा साजगावला एका कारखान्यात होते. त्यांना शेतीचा कंटाळा नव्हता, पण विश्वासही उरला नव्हता. "भाजी विकत मिळते गं," ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, "मिळते. सुकलेली मिळते." तिच्या डोक्यात वांगी, मिरच्या, दुधी, काकडी, माठ, मुळा असं सगळं आधीच उगवलेलं होतं. ती बोटानं हवेत वाफे आखायची. इतकी वर्षं घरात असून कुठल्या जमिनीवर काय लावायचं हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्या वर्षी तिनंही कोणाला विचारलं नाही.

आणि नेमका तेव्हाच पाऊस आला. थंडी सरता सरता, माघात. एखादी सर पडून जाते तसा नाही, तर चांगला मुक्काम ठोकून बसलेला. दोन दिवस पडायचा, एक दिवस थांबायचा, पुन्हा दोन दिवस. पावसाळ्यातल्या पावसात भिजायला काही वाटत नाही, पण हा पाऊस गार होता, अंगावर पडला की मणक्यातून खाली उतरायचा. माथेरानचा डोंगर आठ-आठ दिवस दिसला नाही. आंब्याचा मोहोर काळा पडून अंगणात गळाला. शेतातल्या वालांच्या शेंगांवर डाग आले. गावातली माणसं घोंगडी पांघरून ओट्यावर बसायची आणि आभाळाला शिव्या घालायची. आमच्या घरात मात्र लग्न असल्यासारखी घाई होती.

सकाळी डोळे उघडायच्या आधी कानांत तीन आवाज यायचे. पत्र्यावरचा पाऊस, आईच्या हातातली भाकरी आणि लांबून घाट चढणाऱ्या मालगाडीच्या मागच्या इंजिनाची धाप. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं किंवा चुलीत भाजलेला बोंबील आणि कोरा चहा. एवढं पोटात गेलं की मी गोधडी फेकून मागल्या दारी पळायचो. दहावीचा अभ्यास म्हणून मला शाळेतून सुट्टी होती आणि पुस्तक मी रोज उघडत होतो, म्हणजे उघडून ठेवत होतो. माझी धाकटी बहीण सुमी शाळेत जाताना मागं वळून वळून बघायची, मळ्यात आपल्याशिवाय काही होऊन तर जाणार नाही ना म्हणून.

पिकाव मारला की माती लोण्यासारखी निघायची. खाली गांडुळं, बोटाएवढी जाड. पहिल्याच दिवशी माझ्या तळहाताला फोड आले आणि ते मी सगळ्या आळीत दाखवून आलो. पण दुसऱ्या दिवशी खणलेल्या खड्ड्यांत गुडघाभर पाणी साचलं आणि आमचे आखलेले वाफे दुधातल्या पोळीसारखे विरघळून गेले. आई पायरीवर बसून बघत राहिली. तेवढ्यात डोंगराच्या बाजूनं डोक्यावर इरलं घेऊन हिरीबाय आली.

हिरीबाय वरच्या ठाकरवाडीतली, आदिवासी ठाकर. आमच्या घरी लावणीला आणि कापणीला ती माझ्या जन्माच्या आधीपासून येत होती. आई आणि ती एकाच वयाच्या. काम नसलं तरी बाजारातून परतताना ती आमच्या ओट्यावर टेकायची, दोघी तास-तासभर बोलत बसायच्या. तिच्या चहाचा कप ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा आमच्या घरात कोणालाही वाटत नव्हतं, मलाही नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्या कोनाड्यामुळंच इतक्या सहज झालं.

हिरीबायनं आमचं तळं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "काय गं, मासं पाळतेस का?"

"हस तू," आई बोलली. "तुला काय जातंय हसायला."

"आधी पान्याला वाट दे, मंग बियाला जागा दे," असं म्हणून तिनं माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि जागेच्या भोवती चर मारायला सुरुवात केली. दोन दिवस आम्ही तिघं चर खणत होतो. निघालेली माती मध्ये टाकून गादीसारखे उंच वाफे केले. वरच्या खाचरातलं पाणी खाली येऊ नये म्हणून वरच्या अंगाला मातीचा बांध घातला. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला तेव्हा आम्ही मागल्या दारात उभं राहून पाणी चरातून वळणं घेत कसं पळतं ते बघितलं. आईनं माझ्या पाठीवर अशी जोरात थाप मारली की मी दारातून बाहेर पडलो.

त्याच दिवशी हिरीबायनं ते बी आणलं. पळसाच्या पानात गुंडाळलेली, भाकरीएवढी, वाळलेल्या शेणाची चकती होती ती. वांग्याचं बी शेणात आणि राखेत कालवून तिनं घराच्या कुडाच्या भिंतीला थापून ठेवलं होतं, चुलीचा धूर लागेल अशा जागी, म्हणजे किडा लागत नाही. "पांढरं वांगं," ती म्हणाली. "काटा नाय, बी दातात येत नाय, तोंडात घातलं का गेलं. माज्या आयशीचं हाय ह्ये. बाजारात नाय मिलायचं." मग तिनं चकती गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडली. "आर्धं तुजं, आर्धं माजं. माजं मी मिरगाला टाकीन." आईनं ते अर्धं दोन्ही हातांत घेतलं. मी आईला दागिना हातात घेतानाही कधी इतकं जपून घेताना पाहिलं नाही. अर्थात दागिने तिच्याकडं फारसे नव्हतेच.

आता त्या बियासाठी रोपवाफा हवा होता, आणि आईनं ठरवलं की तो राब भाजून करायचा. राब आमच्याकडं भाताच्या रोपासाठी भाजतात. शेण, झाडांचा टहाळ, पाला, पेंढा आणि वर मातीचा थर देऊन ती जागा जाळायची. तण मरतं, राख मुरते, रोप जोम धरतं. वांग्यासाठी राब कोणी भाजत नसे. "भात जगतं तं वांगं का नाय जगणार?" आईचं म्हणणं. हिरीबायनंही मान डोलावली. फक्त म्हणाली, "सुकल्याबिगर पेटवू नको." आम्ही पडवीच्या पत्र्याखाली ठेवलेला पाला आणि गोवऱ्या आणून थर रचले आणि वर प्लास्टिक अंथरून उन्हाची वाट बघू लागलो.

बाबा रात्रपाळी करून आले, त्यांनी तो ढीग बघितला. "ह्या पावसात राब? अगं, माझी बिडी पेटंना, तुझा राब काय पेटतोय!"

"पेटला तर?" आई बोलली.

"पेटला तर मिशी उतरवीन."

सुमी टाळ्या वाजवत नाचायला लागली. बाबांची मिशी म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. जाड, टोकांना वर वळलेली, कारखान्यात त्यांना सगळे मिशीवाले म्हणूनच ओळखायचे. "शब्द फिरवायचा नाय," आई म्हणाली. "मी कधी फिरवलाय?" बाबा म्हणाले आणि मिशीवर हात फिरवून झोपायला गेले. पुढचे चार दिवस ते कामावर जाता-येता ढिगाजवळ थांबायचे, आभाळाकडं बघायचे आणि मला विचारायचे, "काय वनअधिकारी, लागला का वणवा?"

पाचव्या दिवशी आई बाकीचं बी आणायला कर्जतच्या बाजाराला निघाली. शाळा बुडवून सुमीही तिच्या पदराला लटकली. टेंपोत चढता चढता आईनं मला बजावलं, "ऊन पडलं तर पेटव. नाय पडलं तर हात लावू नको. रडणारा राब पेटवायचा नसतो, पीक रडतं." बाबा पहिल्या पाळीला गेलेले. घरात मी एकटा.

दहाच्या सुमारास तासभर ऊन पडलं. पिवळं, पातळ, ताकासारखं. मी प्लास्टिक काढलं, काडी लावली. धूर आला आणि गेला. पुन्हा लावली. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून लावली. चिंधी जळली, पाला तसाच. आभाळ परत भरून यायला लागलं होतं. मला बाबांचा चेहरा दिसत होता, मिशीखालचं हसू दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर आईचा चेहराही दिसत होता. ती टेंपोतून उतरेल, मागल्या दारी येईल आणि काळाभोर, भाजलेला, तयार वाफा बघेल तेव्हाचा. हे दुसरं कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला मोठं करून सांगितलं. मोठं कारण पहिलंच होतं. मी चुलीमागचा रॉकेलचा डबा आणला आणि ओतला. थोडं ओतलं, मग आणखी, मग अर्धा डबा संपेपर्यंत.

भडका उडाला तो माझ्या डोक्याच्या वर गेला. मी मागं उडी मारली, भुवया करपल्या, आणि मी नाचलो. खरोखर नाचलो, त्या चरांवरून उड्या मारत, एकटाच ओरडत. काळा धूर उंच गेला, ओला पाला चरचरत सुकला आणि धरला, गोवऱ्या लाल झाल्या. रिमझिम सुरू झाली तरी आग विझेना. त्या वयात आनंद कसा अंगात मावत नाही ते मला अजून आठवतं, आणि त्या दिवसाचा आनंद खोटा नव्हता. आज जपून लिहायला बसलो आहे म्हणून तो खोटा होता असं लिहिणार नाही.

बाबा चारला आले. त्यांनी राखेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काठीनं राख उकरली, खाली हात घालून माती गरम आहे का बघितली. मग घरात जाऊन बसले. आई आली ती अंगणातूनच ओरडली, "पेटला?" आणि वाफा बघून तिनं हातातल्या पिशव्या चिखलातच टाकल्या आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझ्या पोरानं पेटवला!" मग वाकून तिनं राखेत हात घातला. "रॉकेलचा वास येतोय रं."

"चिंधीभर लावलं. सुरवातीला."

"चिंधीभर चालतं," आई बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न्हाव्याकडून परत आले तेव्हा सुमी आईच्या मागं लपली. ओठावरची जागा पांढरीफटक, वर नाक एकदम मोठं झालेलं. "बघा काय बघायचं ते," ते म्हणाले. कारखान्यात त्यांना आठवडाभर कोणी ओळखलं नाही म्हणे. आईनं ही गोष्ट विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, भेटेल त्याला सांगितली. दरवेळी तिच्या सांगण्यात पाऊस थोडा वाढायचा. मी शेजारी उभा राहून हसत असे.

चकती पाण्यात भिजवून, कुस्करून आईनं ते बी वाफ्यात पेरलं. बाकीच्या वाफ्यांत माठ, मुळा आणि मिरची पेरली, कडेनं दुधीची आणि काकडीची आळी केली. मग रोज सकाळी आमची मळ्याकडं शर्यत. आधी मुळा वर आला, चौथ्याच दिवशी, जोडपानं उघडून. मग लालभडक माठ. मग दुधीनं मातीला भेग पाडली, आणि सुमी त्या भेगेपुढं बसून राहिली आणि दुधी बाहेर आल्यावर तिनं सगळ्या घराला हाका मारून गोळा केलं. थंडीमुळं सगळं जरा उशिरा, पण येत होतं. चरातून पाणी वाहत होतं, वाफे कोरडे नव्हते आणि बुडालेलेही नव्हते. आई प्रत्येक कोंबाशी बोलायची. मिरचीही आली. राबाचा वाफा मात्र काळाच्या काळा.

दहा दिवस गेले, बारा गेले. मला आठव्या दिवशीच कळलं होतं. मी वाफ्याची माती उकरून हुंगली होती. पंधराव्या दिवशी वरच्या कोपऱ्यात काही रोपं दिसली, जिथं उतारामुळं रॉकेल पोचलं नव्हतं. मोजून अकरा. बाकी वाफाभर एक हिरवा ठिपका नाही. आई उकिडवी बसून त्या काळ्या मातीवरून हात फिरवत होती, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा. "काय झालं गं बाई हिला," ती मातीला विचारत होती. मग तिनं मान वर करून मला विचारलं, "काय झालं असंल रं?"

आणि मी म्हणालो, "बी जुनं असंल, आये."

एवढंच. चार शब्द. आधीपासून योजून ठेवलेले नव्हते, पण शोधावेही लागले नाहीत. आईनं हाताची माती झटकली आणि म्हणाली, "असंल." ती शंका तिच्या मनात माझ्या तोंडून गेली. तिथं आधी ती नव्हती.

त्याच आठवड्यात विहिरीवर हिरीबाय भेटली. आई पाणी शेंदत होती, आमच्या शेजारच्या काकू कपडे आपटत होत्या, मी कळशी घ्यायला गेलो होतो. "हिरे, तुझं बी जुनं निघालं बघ," आई म्हणाली. रागानं नाही, उलट बोलताना तिला वाईट वाटत होतं.

हिरीबायच्या डोक्यावर लाकडांची मोळी होती. "जुनं? माजं बी?"

"आता ठाकरांचं बी आन् ठाकरांचा वायदा," काकू कपडा पिळत म्हणाल्या, "भरवसा कोणी धरायचा?" विहिरीवरच्या दोघी-तिघी हसल्या. आई हसली नाही, पण तिनं काकूंना अडवलंही नाही. हिरीबायनं मोळी सावरली, आमच्या सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि निघून गेली. त्यानंतर ती आमच्या ओट्यावर आली नाही. काकूंचं ते वाक्य मात्र गावात राहिलं. कोणाचं काही उगवलं नाही की लोक गमतीनं म्हणू लागले, "ठाकराचं बी पेरलं व्हतंस काय?"

आठेक दिवसांनी बाबांना रस्त्यात हिरीबायचा नवरा भेटला. पावसानं त्यांच्या कुडाची भिंत भिजून खचली होती. भिंतीवरचं सगळं बी, तिचं ते अर्धंही, बुरशी धरून गेलं. बाबांनी हे जेवताना सहज सांगितलं. आईचा घास हातातच राहिला. "म्हंजे ती अकराच राहिली?" ती म्हणाली. त्या दिवसापासून ती त्या अकरा रोपांवर रोज संध्याकाळी पाटी पालथी घालायची, गारठा लागू नये म्हणून, आणि सकाळी उचलायची. मळ्यात सगळीकडं हिरवं होत होतं, दुधीचे तणावे मांडवाच्या काठ्यांना धरत होते, रोज काहीतरी नवीन दिसत होतं, आणि माझं पाऊल मळ्याकडं धावायचं आणि त्या कोपऱ्यापाशी आलं की थांबायचं.

शिमगा चार दिवसांवर आला तेव्हा रोपं लावायजोगी झाली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. भुरभुर पडत होता, लावणीला चांगला. आईनं साडी खोचली, सगळ्यात चांगला वाफा त्यांच्यासाठी उकरून ठेवला. खुरप्यानं पहिलं रोप मातीच्या गोळ्यासकट उचलताना ती म्हणाली, "ह्यांचं बी धरलं ना, का आधी हिरीला नेऊन देऊ. म्हणू, जुनं का होईना बाय, तुझं तुला घे."

मी तिथंच सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. चिखलात गुडघे टेकलेले होते आणि मी एका दमात सगळं बोललो. डबा, ओतणं, भडका, चिंधीचं खोटं. आईनं राबाच्या वाफ्यात बोट खुपसलं, नाकाला लावलं. "किती?"

"अर्धा डबा."

तिनं बोट पदराला पुसलं. मी मार खायला तयार होतो; मार मिळाला असता तर बरं झालं असतं. "म्हंजे बाबांची मिशी फुकट गेली," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी हललं, हसू की रडू ते मला कळलं नाही. मग उठली. "टोपली आण. अकराच्या अकरा रोपं काढ. मुळाची माती सोडू नको."

वाडी अर्ध्या तासाच्या चढावर. पायवाट घसरडी, टोपली माझ्या डोक्यावर, पाऊस तोंडावर. आई पुढं चालत होती आणि एकदाही मागं वळली नाही. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मला हलकं वाटत होतं. छातीत पतंग सुटल्यासारखं. आपण सांगून टाकलं, संपलं, असं वाटत होतं.

हिरीबाय खचलेल्या भिंतीला नवा कूड बांधून चिखल थापत होती. आजूबाजूला चार बायका मदतीला होत्या. आईनं दम घेतला नाही. सगळ्यांच्या देखत बोलली, "हिरे, तुझं बी चांगलं व्हतं. ह्या पोरानं राबात अर्धा डबा रॉकेल वतलं. आमचं चुकलं."

हिरीबायनं चिखलाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघितलं. "रॉकेल? आरं पोरा, वांगं भरताला भाजतात. पेरायच्या आधी नाय भाजत!" बायका खो खो हसल्या. तिसऱ्या घरातून एक म्हातारी काय झालं म्हणून विचारत बाहेर आली, तिलाही ते सांगितलं गेलं आणि तीही हसली. मीही हसलो.

मग हिरीबायचं हसू थांबलं. "पन त्ये जुनं बी म्हनून पयलं कोन बोललं? त्ये मला लागलं. बी जलालं तं जलालं. माज्या आयशीचं बी जुनं, ह्ये कोन बोललं?"

"मी," आई म्हणाली. "माझ्याच तोंडातून गेलं. झडो माझी जीभ."

मी टोपली उतरवत होतो. रोपं कलंडली होती, ती मी एकेक करून सरळ केली. अकरा रोपं सरळ करायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मी ती सरळ करत होतो. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी म्हणायचो. आता माझं वय त्या वेळच्या आईपेक्षा जास्त आहे, दोघीही राहिलेल्या नाहीत, आणि आता मी तसं म्हणत नाही.

"सहा तुझी, पाच आमची," आई म्हणाली.

"माज्याकडं कोंबड्या हायत, सकालपर्यंत दांडं उरतील," हिरीबाय म्हणाली. तिनं भांड्यात हात बुचकळले, पदराला पुसले. "आकराबी तुज्याकडंच लाव. बी धरू तवा वाटू. चल, मी येते. तुजा काय भरवसा नाय, पोरगा आता पेट्रोल आनंल."

उतरताना त्या दोघी पुढं, बोलत, एकमेकींच्या खांद्याला धरून घसरत, ओरडत. मळ्यात आल्यावर हिरीबायनं खड्डे स्वतः केले. मी रोप सोडायचो, ती भोवतीची माती दाबायची. "दाब रं, घाबरतोस काय, त्याला आधार वाटू दे." पावसात अकरा रोपं ओळीत उभी राहिली, पानं मातीला टेकलेली, पण उभी. सुमी शाळेतून धावत आली आणि दप्तरासकट वाफ्यात शिरली. आई चहा टाकायला आत गेली. सुमी तिच्या मागं गेली. वाफ्यात मी आणि हिरीबाय, दोघंच उरलो.

आता, असं मला वाटलं. ती शेवटच्या रोपाची माती दाबत होती, मान खाली. मी म्हणालो, "हिरीबाय, ते बी जुनं म्हणून—"

तेवढ्यात वरच्या अंगाचा बांध फुटला. वरच्या खाचरातलं तुंबलेलं पाणी घेऊन मातीचं ढेकूळ खाली आलं आणि तांबडं पाणी थेट मिरच्यांच्या वाफ्यावर. "बांध! बांध फुटला!" हिरीबाय ओरडली. घरात झोपलेले बाबा बनियनवरच फावडं घेऊन धावले, आई चहा तसाच टाकून आली, सुमीनं घमेलं उचललं. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. फुटलेल्या जागेत मी स्वतःच आडवा बसलो, पाठीनं पाणी अडवलं, आणि बाबा माझ्या दोन्ही बाजूंना माती टाकत राहिले, आई पायानं तुडवत राहिली, हिरीबाय चर मोकळा करत राहिली. सगळे एकमेकांवर ओरडत होते, हसत होते, चिखलानं कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं. पाणी वळलं. मळा वाचला. हिरीबायनं लांबून ओरडून मला विचारलंसुद्धा, "काय बोलत व्हतास रं मघाशी?" मी ओरडून म्हणालो, "काय नाय!" आणि पुढचं घमेलं उचलायला पळालो. धावायला मिळालं याचा मला इतका आनंद झाला होता, की तो आनंद मी आजपर्यंत स्वतःला माफ करू शकलेलो नाही.